महालक्ष्म्यांचे हार

देवासचा डबा यायचा असला की मालनअक्काला स्टँडवर जावं लागे. डबा तसा साधाच. जेवणाचा स्टीलचा डबा, झाकण उघडू नये म्हणून वर रबराचे दोन-तीन वेढे. देवासहून धाकट्या भावानं पाठवलेला तो डबा एका बसनं इंदूरला येई आणि तिथून दुसऱ्या बसनं धारला. दोन्हीकडचे कंडक्टर आता घरच्यासारखे झाले होते. "मॅडम, भैया का डब्बा!" अशी हाक आली की स्टँडवरचे रिक्षावाले वळून बघत. शाळेतून थेट आलेली अक्का, खांद्याला तपासायच्या वह्यांची पिशवी, हात पुढे करून डबा घेई. आत मणी खुळखुळत. एके काळी या आवाजानं ती हरखून जायची. आता डबा किती जड आहे हे ती आधी बघे.

धारमध्ये तिला सगळेच अक्का म्हणतात. एका खाजगी शाळेत ती गणित शिकवते, तेही हिंदीतून. पन्नाशी केव्हाच उलटली. लग्न राहून गेलं. का राहून गेलं हे विचारणारी माणसंही एकेक करून गेली, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. पूर्वज संस्थानात कारकून होते म्हणे. त्या कारकुनीतलं आता घरात एकच शिल्लक होतं, ते म्हणजे सांगितलेलं काम मान खाली घालून पुरं करण्याची खोड. ती सगळी मालनच्या वाट्याला आली होती.

मणी ओवायचं वेड मात्र आईकडून आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही पोरांनी दुपारी गप्प बसावं म्हणून आई त्यांच्यापुढे मण्यांचं ताट ठेवायची. मालन आणि तिच्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ अर्पित. रुखवतात मांडायचा मोत्यांचा नारळ, दाराचं तोरण, कलशाखालचं आसन, असं काहीबाही त्या ताटातून निघायचं. खरं सांगायचं तर अर्पितचा हात मालनपेक्षा हलका होता. ती गाठ मारेपर्यंत त्याची पुढची सर तयार असे. पण नववीत एकदा त्याचा मित्र अवचित घरात शिरला आणि म्हणाला, "क्यों भिया, अब चूड़ियाँ भी पहनेगा क्या?" संपलं. त्या दिवसापासून अर्पितनं मण्याला हात लावला नाही.

मालन ओवत राहिली. रविवारची दुपार तिची. दार लोटून घ्यायचं, रेडिओ बारीक लावायचा आणि ताट पुढ्यात ओढायचं. कोणासाठी नाही, कशासाठी नाही. एखादा रंग मनासारखा बसला नाही तर सगळं उसवून पुन्हा सुरुवात. कोणी म्हणे, अक्का, किती सुंदर करता, विकत का नाही? ती हसायची. विकायचं म्हटलं की उसवता येत नाही, हे तिला न शिकवता कळलं होतं.

आणि तरी विकायला सुरुवात केली ती तिनंच. दुसऱ्या कोणाच्या माथी मारायची सोय नाही.

झालं असं की अर्पित देवासला ज्या कारखान्यात होता, त्यांनी कोरोनानंतर देवासचा विभाग बंद केला. चाळिशीतला माणूस घरी बसला. त्याची बायको शिखा शिकवण्या घ्यायची, तिनं घर कसंबसं ओढून धरलं. पण एक दिवस तिचा फोन आला. "अक्का, हे बाहेरच नाही पडून राहिले. दाढी नाही, काही नाही. दार वाजलं की आतल्या खोलीत जातात. तुम्ही काही बोला ना." मालननं काय बोलावं? शब्दांत ती कधीच पटाईत नव्हती. शेजारच्या मुलाच्या लग्नासाठी तिनं मोत्यांच्या मुंडावळ्या केल्या होत्या, तशाच आणखी दोन जोड्या पडून होत्या. त्या तिनं बसनं धाडल्या आणि फोनवर म्हणाली, "अप्पू, एवढ्या विकून बघतोस का रे? इथे कोणी घेत नाही." हे खोटं होतं. त्या मुंडावळ्यांवर तीन घरांचा डोळा होता.

अर्पितनं दाढी केली. बाहेर पडला. इंदूर-देवासच्या मराठी घरांत लग्न निघालं की नथ, मुंडावळ्या, चिंचपेटी यांसाठी पुण्याच्या वाऱ्या व्हायच्या. इथेच मिळतंय म्हटल्यावर लोकांनी उचलून धरलं. दिवाळीपर्यंत 'अक्काज कलेक्शन' नावाचं मोबाइलवरचं पान निघालं, कार्ड छापलं, त्यावर अर्पितच्या नावाखाली 'प्रोप्रायटर' आलं. भाऊबिजेला तो आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि जेवताना पुन्हा पूर्वीसारखा मोठ्यानं हसला. मालनला त्या रात्री शांत झोप लागली. पुढे फारशी लागली नाही.

कारण प्रोप्रायटर ऑर्डरी घ्यायचा आणि ओवायची अक्का. शाळा, स्वयंपाक, वह्या, मग मणी. रविवार गेला, मग सुट्ट्या गेल्या, मग रेडिओही बंद झाला, कारण गाण्यात लक्ष गेलं की हात मंदावे. मानेत कळ यायची. अंगठ्याचं कातडं निबर झालं. रस्त्यात कोणाच्या गळ्यात आपलीच चिंचपेटी दिसली तर पूर्वी ती दोन घटका बघत राहिली असती. आता तिला तिच्यात फक्त गाठी दिसत.

सांगायला हवं होतं. ती सांगणारही होती. प्रत्येक वेळी फोन उचलताना ती वाक्य जुळवून ठेवी, "अप्पू, मला आता झेपत नाही रे." आणि पलीकडून अर्पित म्हणे, "अक्का, आज मी मंडळात गेलो ना, सगळे उठून भेटले. बोले, तुमची फर्म तर चल निकली!" आणि तिचं वाक्य घशाखाली जाई. या माणसाला पुन्हा आतल्या खोलीत कोण ढकलणार? मालन तर नाहीच. मग ती म्हणे, "वा! पाठव डबा."

श्रावण संपता संपता भैयासाहेबांची ऑर्डर आली.

भैयासाहेब म्हणजे देवासच्या मराठी मंडळींतलं सर्वांत मानाचं घर. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि गावातलं प्रत्येक मराठी कुटुंब हळदीकुंकवाला जाऊन येतं. पंगतीला मात्र मोजक्याच घरांना बोलावणं. अर्पित-मालनच्या वडिलांना असे. अर्पितलाही असे, पण नोकरी गेल्यावर तो जाईना आणि बोलावणं थांबलं. यंदा भैयासाहेबांनी घराण्यातले जुने मोती त्याच्या स्वाधीन केले आणि दोन्ही देवींसाठी दोन पाचपदरी हार ओवून मागितले. अट एकच. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी ती अक्कालाच सांगितली, त्यांच्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत.

"हार सोवळ्यात व्हावयास हवेत, मालनताई. स्नान करून, रेशमी वस्त्र नेसून. दोराही रेशमाचा. आणि एक ध्यानात ठेवा, दोऱ्याचे टोक ओठांत घालावयाचे नाही. देवीस उष्टे चालत नाही."

मालननं उत्तर द्यायच्या आत अर्पित म्हणाला, "काका, तुम्ही टेन्शनच नका घेऊ. अक्का एकदम विधिवत करेल. माझा शब्द."

तिथून बाहेर पडल्यावर त्यानं पुन्हा फोन लावला, तेव्हा तो नुसता उड्या मारत होता. "अक्का, पंगतीचं आमंत्रण दिलं त्यांनी! सहकुटुंब!"

अक्का स्वतः काही सोवळ्याओवळ्यातली नव्हती. देवाला दिवा लावायची, एवढंच. पण काम घेतलं की ते सांगितल्याप्रमाणे झालं पाहिजे. आईचं रेशमी लुगडं तिनं ट्रंकेतून काढलं. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, लुगडं नेसून देवापाशी पाटावर बसायचं आणि शाळेची वेळ होईपर्यंत ओवायचं. जुन्या मोत्यांची भोकं बारीक. रेशमाचं टोक विस्कटे. ते ताठ राहावं म्हणून तिनं मेणाचा खडा ठेवला होता. टोक मेणातून ओढायचं, बोटांनी पिळायचं, मग मोत्यात घालायचं. शाळेत मुलं गणितं सोडवत बसली की तिची मान छातीवर पडे. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणे, "मॅम, हो गया," आणि ती दचकून जागी होई.

गणपती आले. शाळेला सुट्टी लागली. महालक्ष्म्या उद्यावर आल्या. एक हार पूर्ण झालेला, दुसऱ्याची शेवटची सर चाललेली. सकाळचं ऊन खिडकीतून पाटापर्यंत आलं होतं. अजून थोडंसंच, मग पाठ टेकायची, एवढा एकच विचार मालनच्या डोक्यात होता.

आणि तिच्या जिभेला मेण लागलं.

ती जागच्या जागी थिजली. दोऱ्याचं टोक तिच्या ओठांत होतं. लहानपणापासूनची सवय. नायलॉनच्या दोऱ्याला टोक करावं लागत नाही, म्हणून इतकी वर्षं ती सवय झोपलेली होती. रेशीम हातात आलं आणि हाताबरोबर तोंडालाही जुनं आठवलं. तिनं टोक बाहेर काढलं. एकदाच झालं ना? ही एक सर उसवली की झालं. पण मेणाची ती किंचित गोडसर चव जिभेवर रेंगाळली आणि तिला कळून चुकलं की ही चव नवी नाही. काल लागली होती. परवाही. डोळे मिटत असताना, अर्धवट झोपेत, किती वेळा ते टोक ओठांत गेलं होतं, हे देव जाणे.

दोन्ही हार समोर ताटात होते. देखणे झाले होते, त्यात वाद नाही.

कोणी पाहिलं नव्हतं. हे तिच्याही मनात आलं. खोटं कशाला बोला? बराच वेळ ती त्या विचारापाशी बसून होती. मग पाटावरून उठली, लुगडं बदललं आणि फोन लावला.

सगळं ऐकून अर्पित आधी हसलाच. "अरे अक्का, एवढंच ना? मी घाबरलो. कोणी पाहिलं का?"

"नाही."

"मग झालं तर. धुऊन टाक थोडं गंगाजलनं. काकांना कसं कळणार? आणि आता टाइम कुठे आहे, सोच तर खरी."

"अप्पू, त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, पण आता काय करणार? मी शब्द देऊन बसलोय ना त्यांना!"

मालनला राग आला. असा राग तिला वर्षानुवर्षांत आला नव्हता, त्यामुळे तो आहे हे ओळखायलाच तिला क्षणभर लागलं.

"हो," ती म्हणाली. "शब्द तू द्यायचे. पाळायचे मी."

अर्पितचा आवाज आला, एकदम बारीक. "येतो मी."

दुपारचं जेवण करून तिनं भांडी घासली तरी तो आला नव्हता. आला तेव्हा घामाघूम झालेला, हातात रिकामा डबासुद्धा नाही. ताटाकडे बघितलं. बाथरूममध्ये जाऊन अंघोळ केली आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन विचारलं, "बाबांचा कद आहे का गं?"

होता. आईच्या लुगड्याखाली घडी करून ठेवलेला, पूजेला नेसायचा रेशमी. पोटावर तो पुरेना, पण त्यानं कसाबसा गुंडाळला. मालनही पुन्हा न्हाऊन लुगडं नेसून आली. दोघं दोन पाटांवर बसली. तिनं कात्रीनं दोन्ही हारांचे दोरे कापले आणि मोती परातीत पाण्यात सोडले. स्वतःच्या कामाला कात्री लावताना तिला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. रविवारच्या दुपारी मनाजोगतं नसलेलं उसवायची ना, तसंच वाटलं.

अर्पितनं नवं रेशीम उचललं. मेणातून ओढलं. पहिले दोन-चार मोती त्याच्या बोटांतून निसटून परातीबाहेर गेले आणि तो स्वतःवरच चिडला. मग हळूहळू बोटं वळणावर आली. मालन डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. तोच हलका हात, टोक वळवायची तीच लकब. कारखान्यातल्या इतक्या वर्षांत जे मेलं नव्हतं ते अजून तसंच होतं.

बाहेर मेजावर अर्पितचा फोन वाजू लागला. मालन सवयीनं उठायला गेली.

"बैस," अर्पित म्हणाला. "सोवळ्यात आहोत. हात नाही लावता येत."

फोन वाजून वाजून बंद पडला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. कोणीच उठलं नाही. खोलीत फक्त परातीतल्या पाण्याचा आणि मोत्यांचा आवाज होता. मालनच्या लक्षात आलं, की कित्येक वर्षांत फोन वाजतोय आणि आपण उठत नाही असं पहिल्यांदाच होतंय. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोत्यांवर पडू नये म्हणून तिनं मान मागे घेतली.

"मी थकले रे अप्पू," ती म्हणाली.

इतकी वर्षं जुळवलेलं वाक्य, ते इतकं लहान निघालं.

अर्पितनं वर बघितलं नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून. मला चहा दिलास तेव्हा कप बशीत वाजत होता."

"मग विचारलं का नाहीस?"

त्यानं हातातली सर पूर्ण केली, गाठ मारली. "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस ना, अक्का. मग मला थांबावं लागलं असतं."

त्याला दोष द्यावा तर आपणही गप्पच होतो, हे मालनला दिसत होतं. एक जण विचारायला घाबरत होता, दुसरी सांगायला. दोघांनी मिळून एकमेकांना सांभाळलं होतं आणि त्यात दोघंही दमली होती.

संध्याकाळी दिवेलागणीला दोन हार झाले, पण तीनतीन पदरांचे. पाच पदर होणं शक्यच नव्हतं. उरलेले मोती परातीत तसेच होते. अर्पितनं ते पंच्यात घेऊन गाठ मारली.

"काकांना काय सांगशील?" मालननं विचारलं.

"जे झालं ते. उष्टे झाले होते म्हणून पुन्हा ओवले, वेळ नव्हता म्हणून तीन पदर. हे मोती परत देईन."

"पंगतीला नाही बसवलं तर?"

"तर घरी जेवेन. शिखा स्वयंपाक चांगला करते." तो हसला, पण हसू काही नीट जमलं नाही.

कपडे बदलून त्यानं फोन हातात घेतला. मघाच्याच नंबरवरून पुन्हा फोन येत होता. मालन दारात उभी राहून केस बांधत होती. अर्पितचं नेहमीचं पाठ झालेलं बोलणं तिला माहीत होतं, नमस्कार, अक्काज कलेक्शन, सांगा काय सेवा. या वेळी तो नुसताच ऐकत होता. मग म्हणाला, "नाही ताई. सध्या ऑर्डर नाही घेत आम्ही. ... नाही, तसं नाही. जी ओवते ना, माझी बहीण, ती थकलीये. ... हो. नमस्कार."

फोन खिशात घालून तो चपला शोधू लागला. शेवटची बस गाठायची होती. मालनला हलकं वाटायला हवं होतं. याच एका वाक्यासाठी तिनं किती दिवस काढले होते, आणि तेही तिला स्वतःला म्हणावं लागलं नव्हतं. पण तिला दिसत होता तो पाठमोरा वाकलेला भाऊ, आणि उद्यानंतरची, परवानंतरची त्याची सकाळ. कार्डावरच्या त्या एका शब्दाचं आता काय होणार? दाढी करून तो जाणार कुठे?

"काय हवं होतं त्यांना?" तिनं विचारलं.

"मुंडावळ्या. मुलीचं लग्न आहे."

"कधी आहे लग्न?"

अर्पित एक चप्पल पायात घालून थांबला. वळून त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल झालेले, अंगठा दुसऱ्या हातानं चोळणं चाललेलं.

"अक्का."

"नुसतं विचारलं रे."

त्यानं दुसरी चप्पल घातली, हारांचा डबा छातीशी धरला आणि पायऱ्या उतरला. लग्नाची तारीख त्यानं सांगितली नाही.